जुन्या मोटारीसाठी अँटी-रोल बार आणि सस्पेन्शन कसे निवडावे

जुनी मोटार नव्याने बांधायला घेतली, की इंजिन आणि रंगकाम यांच्याखालोखाल मालकाचे लक्ष सस्पेन्शनकडे वळते, आणि त्यात सर्वांत आधी मागवला जातो तो बहुधा जाडजूड अँटी-रोल बार, ज्याला बरेच जण स्वे बार किंवा स्टॅबिलायझर म्हणतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. १९६० किंवा १९७० च्या दशकातली गाडी वळणावर आजच्या गाडीपेक्षा बरीच जास्त कलते, ते कलणे डोळ्यांना दिसते, अंगाला जाणवते, आणि बार हा थोड्या बोल्टांत बसणारा व पहिल्याच फेरीत फरक दाखवणारा भाग आहे. तरीही माझे ठाम मत आहे, की बार हा सस्पेन्शनमध्ये सर्वांत शेवटी ठरवायचा भाग होय. टायर, बुश (सांध्यांत बसणारी, बहुधा रबरी नळकांडी), स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकांचे कोन यांचा निर्णय झालेला नसेल, तर बार किती जाडीचा हवा या प्रश्नाला उत्तरच नसते. असे का, हे समजण्यासाठी बार काय करतो आणि काय करू शकत नाही, ते आधी नीट पाहिले पाहिजे.

बार काय करतो

अँटी-रोल बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, दोन्ही टोके एकाच बाजूला वळवलेली सळई. तिचा मधला सरळ भाग गाडीच्या चासीला किंवा बॉडीला दोन बुशांमध्ये फिरता राहील असा धरलेला असतो, आणि तिचे दोन्ही हात छोट्या लिंकांनी डाव्या व उजव्या चाकाच्या कंट्रोल आर्मला, म्हणजे चाक धरून वर-खाली झुलणाऱ्या दांड्याला, जोडलेले असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली, तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते आणि कसलाही विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तर मात्र तिला पीळ पडतो, आणि त्या पिळाच्या विरोधामुळे गाडीचे कलणे आटोक्यात राहते. कॅनडातील स्टीफन कोलमन यांना अशा रचनेचे पेटंट १९१९ मध्ये मिळाले, आणि तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. रस्त्यावरचा खड्डा जर एकाच चाकाखाली आला, तर बारलाही पीळ पडतो आणि त्या चाकापुरती स्प्रिंग जणू अधिक कडक होते. म्हणूनच फार जाड बार बसवलेली गाडी खडबडीत रस्त्यावर आतल्या माणसांची डोकी डावी-उजवीकडे हलवत चालते, आणि गुळगुळीत रस्त्यावर चोख वाटणारी तीच गाडी खराब रस्त्यावर नकोशी होते. ज्या चाकाखाली खड्डा नाही, त्यालाही बार थोडासा धक्का पोहोचवतो, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. वळणावर आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा एकूण भार बार कमी करत नाही. गाडीचे वजन १,२०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५० सेंमी, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १४० सेंमी आणि वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट आहे असे धरा. तर १,२०० गुणिले ०.७ गुणिले ५०, भागिले १४०, म्हणजे सुमारे ३०० किलो भार बाहेरच्या बाजूला जाणारच. बार पातळ असो की जाड, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. तो कमी करायचा, तर गाडी खाली आणावी लागेल, रुंद करावी लागेल किंवा हलकी करावी लागेल. बारच्या हातात आहे ती फक्त त्या ३०० किलोंची वाटणी: त्यातले किती पुढच्या दोन चाकांमध्ये सरकायचे आणि किती मागच्या दोन चाकांमध्ये. ज्या टोकाचा कलण्याला होणारा विरोध जास्त, त्या टोकावर यातला मोठा वाटा पडतो.

वाटणीला इतके महत्त्व का, याचे उत्तर टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. समजा, एका टायरवर ३०० किलो भार असताना तो ३०० किलोइतकी आडवी पकड देतो. भार ४५० किलो झाला तर ती साधारण ४२० होईल आणि १५० किलो झाला तर १६५. सरळ चालताना एका टोकाच्या दोन टायरांची मिळून पकड ६०० होती, ती भार सरकल्यावर ५८५ झाली. भार सरकवण्याची किंमत अशी पकडीत मोजावी लागते, आणि जे टोक जास्त भार सरकवते, ते टोक आधी घसरते. पुढचा बार जाड केला की पुढची पकड आधी संपते, म्हणजे गाडी वळणाच्या बाहेर ओढते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागचा बार जाड केला की मागचे टोक आधी सुटते, म्हणजे ओव्हरस्टीअर. बार निवडताना पुढचा-मागचा असा दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो तो यामुळेच. पुढच्या बारचा आकडा एकटा पाहून काहीच ठरवता येत नाही.

जाडीचे गणित

बारचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. हे एक वाक्य लक्षात ठेवले, तर निम्म्या चुका टळतात. २२ मिमीचा बार काढून २५ मिमीचा बसवला, तर वाढ फक्त ३ मिमीची दिसते, पण कडकपणा सुमारे ६७ टक्के वाढतो. १९ वरून २२ मिमीवर गेल्यास वाढ जवळजवळ ८० टक्के होते. एक इंचाच्या जागी सव्वा इंचाचा बार घातला, तर तो जवळपास अडीचपट कडक होतो. त्यामुळे ‘एक साईज वर’ ही भाषा फसवी आहे. कोणत्या मापावरून कोणत्या मापावर जात आहोत, ते प्रत्येक वेळी मोजून पाहावे.

याच नियमामुळे पोकळ बार उपयोगी ठरतो. पीळ सोसण्याचे काम मुख्यतः सळईच्या बाहेरच्या थरात होते, आतला गाभा फारसे काही करत नाही. बाहेरून २८ मिमी आणि आतून २० मिमी पोकळ असलेला बार भरीव २८ मिमीच्या बारच्या तुलनेत सुमारे ७४ टक्के कडकपणा टिकवतो, पण वजन जवळपास निम्मे होते. अर्थात, बाजारात दोन बार शेजारी ठेवून नुसत्या बाहेरच्या व्यासावरून तुलना करणाऱ्याची इथे फसगत होऊ शकते.

तिसरा घटक म्हणजे बारच्या हाताची लांबी. सळईच्या मधल्या भागापासून लिंकच्या छिद्रापर्यंतचे अंतर जितके कमी, तितका बार कडक, आणि हा संबंध वर्गाचा आहे. हात २५० मिमीचा असताना लिंक २५ मिमी आतल्या छिद्रात घेतली, तर कडकपणा गणिताने २३ टक्के वाढतो. प्रत्यक्षात हात स्वतःही थोडा वाकत असल्यामुळे वाढ जराशी कमी भरते. म्हणून दोन किंवा तीन छिद्रांचा बार मिळत असेल, तर एकाच छिद्राच्या अधिक जाड बारपेक्षा मी तोच घेण्याचा सल्ला देईन, कारण गाडी चालवून पाहिल्यावर दुरुस्तीला वाव राहतो. बहुतेकांना पुढे थोडा जाड आणि मागे बदलता येणारा बार पुरेसा होतो.

आपली गाडी कोणत्या जातीची

हे सारे नियम प्रत्येक गाडीच्या रचनेनुसार वेगवेगळे लागू पडतात, आणि खरा अभ्यास इथेच आहे.

पुढे दुहेरी आर्म (प्रत्येक चाकाला एक वर, एक खाली) आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कणा), ही १९६० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी गाड्यांची रचना. अशा गाड्यांत पुढच्या आर्मची भूमिती त्या काळच्या आडव्या-तिरप्या दोऱ्यांच्या टायरांसाठी आखलेली असे. गाडी कलली, की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते आणि टायर कडेवर चालू लागतो. इथे नियमाला अपवाद निर्माण होतो. पुढचा बार जाड केल्याने पुढे भार जास्त सरकतो हे खरे, पण गाडी कमी कलल्यामुळे टायर रस्त्यावर सपाट राहतो, आणि हा फायदा आधीच्या तोट्यापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून अशा गाडीत पुढचा बार वाढवूनही अंडरस्टीअर कमी झाल्याचा अनुभव येतो. १९७० च्या पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲमला कारखान्यातूनच पुढे सव्वा इंचाचा आणि मागे सात अष्टमांश इंचाचा बार मिळत असे. जाड बार आणि त्या मानाने सौम्य स्प्रिंगा, असा तो विचार होता आणि त्या गाडीसाठी तो बरोबरच होता. हीच जोडी भूमिती मुळातच चांगली असलेल्या हलक्या स्पोर्ट्सकारला लावली, तर गाडी बिघडेल.

मागे सलग ॲक्सल आणि साधा, लॉक नसलेला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) असेल, तर मागच्या बारबाबत सावध राहावे. मागचा बार आतल्या चाकावरचा भार काढून घेतो, आणि नेमके तेच चाक वळणातून बाहेर पडताना जोर लावल्यावर जागच्या जागी फिरू लागते. मागचा बार घातल्यावर गाडी वळणातून निघताना मंद वाटते, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत चित्र उलट आहे. जुनी मिनी किंवा पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ यांत चालक चाके पुढे असल्याने मागचे आतले चाक हलके झाले तरी बिघडत नाही. वळणावर मागचे आतले चाक हवेत उचलून धावणारी गोल्फ जीटीआय अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असेल. अशा गाडीत पहिला बदल मागच्या बारचा करणे योग्य ठरते.

झुलत्या अर्ध्या ॲक्सलच्या गाड्या हा वेगळाच विषय आहे. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या मॉडेलांत आणि १९६० ते १९६३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्ये मागचा प्रत्येक ॲक्सल गिअरबॉक्सच्या शेजारच्या एकाच सांध्यावर झुलतो. जोरात वळताना मागचे टोक उचलले जाते, बाहेरचे चाक आत मुडपते आणि पकड एकाएकी जाते. अशा गाडीला मागे अँटी-रोल बार लावणे म्हणजे मागे आणखी भार सरकवून धोका वाढवणे. योग्य उपाय म्हणजे पुढे बार लावून वाटणीतला मोठा हिस्सा पुढे नेणे. कॉर्व्हेअरला सुरुवातीला पुढचा बार दिलेलाच नव्हता. पुढच्या आणि मागच्या टायरांत हवेचा दाब वेगळा ठेवण्यावर भिस्त होती. १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार आणि मागे एक आडवा पाटा मिळाला, आणि १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच नव्याने आखले गेले. बीटललाही १९६७ च्या मॉडेलपासून मागे एक वेगळ्या घडणीची सळई दिली गेली. ती दोन्ही चाके एकाच दिशेने हलली तरच विरोध करते आणि कलण्याच्या वेळी स्वस्थ राहते, म्हणजे नेहमीच्या बारच्या बरोबर उलट. वरवर पाहता दोन्ही सळया सारख्या वाटतात, त्यामुळे सुटे भाग मागवताना या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

काही गाड्यांत बारवर दुहेरी जबाबदारी असते. अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाच्या स्ट्रट सस्पेन्शनच्या (शॉक आणि चाकाचा आधार एकाच उभ्या खांबात असलेल्या रचनेच्या) सुरुवातीच्या रूपात, आणि पुढे ब्रिटिश फोर्डच्या कॉर्टिना व एस्कॉर्ट मार्क २ सारख्या गाड्यांत, पुढचा बार हाच खालच्या आर्मला पुढे-मागे जागेवर धरणारा दुवा असतो. तिथे बारचे बुश झिजले, तर ब्रेक मारताना चाक मागे सरकते. बार बदलला तर चाकाचा कास्टर कोनही, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल, बदलतो. अशा गाडीत मोठा बार घालण्याआधी आर्मला धरण्याचे काम स्वतंत्र दांड्याकडे सोपवून बारला फक्त पिळाचे काम देणे हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. शेव्हरोले शेव्हेलसारख्या गाडीत मागचा बार लिंकांशिवाय थेट दोन्ही खालच्या आर्मना बोल्टांनी आवळलेला असतो. तिथे मूळचे उघड्या पन्हळीसारखे आर्म पिळाने वाकतात, म्हणून बारच्या आधी खालून पट्टी जोडून बंद केलेले, भक्कम आर्म घ्यावे लागतात.

बारच्या आधीची कामे

जुन्या गाडीचे वागणे बिघडलेले असते त्याचे पहिले कारण सहसा झीज असते. चाळीस-पन्नास वर्षांचे रबरी बुश फुटलेले, बॉल जॉइंट सैल, टाय रॉडची (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची) टोके हलणारी, स्प्रिंगा एका बाजूला बसलेल्या, आणि शॉक ॲब्सॉर्बर नावापुरते, अशा अवस्थेतल्या गाडीला नवा बार लावून काहीही कळत नाही. आधी गाडी तिच्या मूळ स्थितीत आणावी आणि चालवून पाहावी. मूळ गाडी किती चांगली होती, याचे आश्चर्य अनेकांना या टप्प्यावर वाटते. टायरही याच टप्प्यावर ठरवावेत, कारण पुढचे सगळे आकडे टायरच्या पकडीवर अवलंबून आहेत.

बुश निवडताना मोह पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा कृत्रिम पदार्थाचा, होतो. बारला धरणाऱ्या बुशांसाठी ते उत्तमच आहे. मऊ रबर दबण्यात बारचा पहिला थोडा पीळ वाया जातो, तो वाचतो. ग्रीस लावले नाही तर ते कुरकुरते, एवढाच त्याचा त्रास. पण जिथे आर्मला एकाच अक्षाभोवती न फिरता थोडे तिरपेही वळावे लागते, तिथे पॉलियुरेथेन घातल्यास आर्म अडकतात. मागच्या ॲक्सलला चार आर्म असून वरचे दोन तिरपे असलेल्या गाड्यांत हे स्पष्ट दिसते. तिथे रबराचा लवचिकपणा हा रचनेचाच भाग असतो. सगळीकडे कडक बुश घातले, तर संपूर्ण ॲक्सलच एका न मोजलेल्या अँटी-रोल बारसारखा वागू लागतो, आणि मागचे टोक अचानक सुटण्याची शक्यता वाढते. अशा ठिकाणी चांगले रबर किंवा गोलाकार सांधा घ्यावा.

रबरी बुशांबाबत एक बारीक पण निर्णायक नियम आहे. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके लटकत असताना आवळलेला बुश गाडी जमिनीवर येताच पिळलेल्या अवस्थेत अडकतो. गाडीची उंची चुकीची दिसते आणि रबर काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, पुढून-मागून दाबून ती बसू द्यावी, आणि मग आवळावे.

स्प्रिंगांच्या बाबतीत कॅटलॉगमधला आकडा आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा यांत फरक असतो. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसलेली असेल, तर चाक १० मिमी वर गेल्यावर ती कदाचित ६ मिमीच दबते. या ०.६ च्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे ०.३६, घ्यावा लागतो. मिलिमीटरला १०० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी ३६ न्यूटनचीच ठरते. त्या कोपऱ्यावर ३५० किलो वजन असेल, तर गाडीची नैसर्गिक हालचाल सेकंदाला सुमारे १.६ वेळा होईल. आरामशीर जुन्या गाड्या एकच्या आसपास असत. रस्त्यावर चालणाऱ्या, थोड्या चपळ हव्या असलेल्या गाडीला दीडच्या आसपास पुरे. दोनच्या वर गेलात, की रोजच्या रस्त्यावर ती गाडी थकवते. बारलाही हाच वर्गाचा नियम लागतो, म्हणून लिंक आर्मवर चाकापासून किती आत बसते, तेही मोजावे.

१९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मॉरिस ऑली यांनी पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवण्याचे तत्त्व मांडले. पुढची चाके खड्ड्यावरून आधी जातात. मागचे टोक थोड्या जलद गतीने हलले, तर ते पुढच्याला गाठते आणि गाडी पुढे-मागे डुलत राहण्याऐवजी सपाट बसते. पुढे अतिशय कडक आणि मागे मूळच्याच स्प्रिंगा, ही जोडी जुन्या गाडीत इतकी वाईट का वाटते, याचे उत्तर त्यात आहे.

गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंग कापण्याचा उपाय सर्रास केला जातो. आठ कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. तेवढे चालत असेल आणि टोक नीट बसत असेल, तर हरकत नाही. स्प्रिंग तापवून खाली बसवणे मात्र कधीही करू नये, कारण पोलादाचा कस त्याने जातो.

शॉक ॲब्सॉर्बर गाडी किती कलेल ते ठरवत नाहीत, किती वेगाने कलेल ते ठरवतात. लांब वळणावर गाडी स्थिर झाल्यावर त्यांचा वाटा शून्य असतो. वळणात शिरताना आणि दिशा बदलताना मात्र सगळा ताबा त्यांच्याकडे असतो. स्प्रिंग कडक केली, तर परत उलगडताना तिला आवरण्याची ताकदही वाढवावी लागते. जाड बार आणि जुने शॉक या जोडीत गाडी कलते कमी, पण थरथरते जास्त. पैसा मर्यादित असेल, तर मी तो बारऐवजी चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरवर खर्च करीन. गाडी खाली आणली असेल, तर त्यांची लांबीही त्यानुसार घ्यावी. बंप स्टॉपच्या (चाकाचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी शॉक तळाला टेकत असेल, तर तो लवकरच निकामी होतो.

चाकांचे कोन आणि उंची

१९६० च्या दशकातल्या पॉवर स्टीअरिंग नसलेल्या अनेक गाड्यांत स्टीअरिंग हलके राहावे म्हणून कास्टर शून्याच्या आसपास ठेवत. रेडियल टायर घातल्यावर तीन ते पाच अंश धन कास्टर (आसाचे वरचे टोक मागे) आणि किंचित ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) ठेवल्यास सरळ रस्त्यावरची स्थिरता आणि वळणावरची पकड दोन्ही सुधारतात. मूळचे आर्म तेवढे सरकत नसतील, तर बदललेल्या मापाचे वरचे आर्म घेणे हा खर्च योग्य ठिकाणी होतो. पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगमध्ये वरच्या आर्मचा सांधा एक इंच खाली घेण्याचा बदल प्रसिद्ध आहे. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये तो एक इंचाच्या पुढच्या बारसोबत केलेला होता. कलताना बाहेरचे चाक त्यामुळे अधिक सरळ राहते. छिद्रे नव्याने पाडण्यापलीकडे या बदलाला फारसे काही लागत नाही, आणि नुसत्या बारपेक्षा त्याचा गुण मोठा आहे.

गाडी खाली आणताना एक उलटा परिणाम होतो. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी थोडी खाली आली, की विशेषतः स्ट्रटच्या रचनेत तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, दोहोंमधले अंतर वाढते आणि गाडी कलण्याची प्रवृत्ती वाढते. मग मालक जाड बार शोधू लागतो. डॅटसन २४०झेड आणि बीएमडब्ल्यू २००२ सारख्या गाड्यांत स्ट्रट आणि स्टीअरिंग आर्म यांच्यामध्ये जाड चकती घालून खालच्या आर्मचा कोन पूर्ववत करणे हा मुळावरचा उपाय आहे. दुहेरी आर्मच्या गाड्यांत चाकाचा आस वर नेलेला स्पिंडल (चाक ज्यावर बसते तो भाग) घेतला, तर आर्मचे कोन न बदलता गाडी खाली येते.

बसवणे आणि पारखणे

बार जागेवर लावल्यावर तो कुठेही टेकत नाही ना, ही तपासणी घाईत उरकू नये. शक्य असेल तर स्प्रिंग बाहेर काढावी; दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी ताकद असते, म्हणून त्यासाठी योग्य कंप्रेसरच वापरावा. मग चाकाखाली जॅक लावून ते पूर्ण खालच्या स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत हळूहळू उचलत न्यावे, आणि प्रत्येक थोड्या अंतरावर स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवावे. बारचा हात टाय रॉडजवळ, ब्रेकच्या नळीजवळ, टायरच्या आतल्या भिंतीजवळ कुठे येतो ते टॉर्च लावून पाहावे. लिंक आणि हात यांच्यातला कोन चालत्या उंचीवर काटकोनाच्या जवळ असावा. तो फार उघडला किंवा मिटला, तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात लिंक उलटी पडून अडकू शकते.

जुन्या, चासी नसलेल्या बॉडीचे पत्रे पातळ असतात आणि मागच्या बारचे कंस त्यांवर बसवले की काही काळाने भोके लांबोळी होतात. आतून जाड पट्टी घालून भार पसरवावा, आणि पत्रा गंजलेला असेल तर आधी तो बदलावा. दोन्ही लिंकांची लांबी ठरवताना चालकाच्या जागेवर त्याच्याइतके वजन ठेवावे आणि शेवटची लिंक कोणताही जोर न लावता छिद्रात सरकेल अशी जुळवावी. जोर लावून बसवलेल्या लिंकमुळे बारला आधीच पीळ असतो, आणि गाडी डाव्या व उजव्या वळणावर वेगवेगळी वागते.

चाकांचे अलाइनमेंट झाल्यावर रिकाम्या, बंदिस्त जागेत मोठ्या वर्तुळात स्थिर वेगाने गाडी फिरवून पाहावी आणि वेग थोडा थोडा वाढवावा. कोणते टोक आधी सुटते, ते लिहून ठेवावे. शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून ठेवली, तर ती किती वर सरकली यावरून सस्पेन्शनने किती प्रवास वापरला ते कळते. ती शेवटपर्यंत गेलेली असेल, तर बार बदलण्याचा विचार बाजूला ठेवून आधी स्प्रिंग किंवा उंची पाहावी, कारण बंप स्टॉपवर टेकलेली गाडी कोणत्याही बारला दाद देत नाही. एका वेळी एकच बदल करावा, तोही आधी टायरच्या हवेत, मग बारच्या छिद्रात. गाडी वळणाच्या बाहेर ओढत असेल तर पुढची लिंक एक छिद्र बाहेर घ्यावी किंवा मागची एक छिद्र आत. पुढची सैल केल्यावर गाडी जास्त कलून टायर कडेवर चालू लागला, तर पुढची परत जागेवर आणून मागच्या टोकाकडे जावे. नव्या स्प्रिंगा आणि बुश पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडे बसतात, म्हणून त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, उंची पुन्हा मोजावी आणि अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे.